हरवलेली एक ओळ

पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत काढलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल भयपट १९६८ साली प्रदर्शित झाला. वितरकांनी त्याचे मूळ नाव बदलले. स्वामित्वहक्काची सूचना जुन्या नामपट्टीवरच होती. नव्या पट्टीवर ती घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार अशी कृती सार्वजनिक मालकीची ठरे.

याचा खरा अर्थ व्हिडिओच्या काळात उमगला. ज्याच्या हाती प्रत, तो कॅसेट काढायला मोकळा. प्रतींच्या प्रती निघाल्या. १९८६मध्ये रंग चढवले गेले. १९९९च्या आवृत्तीत तर सहलेखक जॉन रुसो यानेच नवी दृश्ये घुसडली. (पोथ्यांतील प्रक्षेपांवर वाद घालणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये.) तरीही हा चित्रपट घरोघरी पोचला तो या अनाथपणामुळेच, असे आम्हांला वाटते.

मोजावी लागलेली किंमत शेवटाकडे दिसते. कृष्णवर्णीय नायक बेन रात्रभर प्रेतांपासून वाचतो आणि सकाळी शेरीफच्या टोळीच्या गोळीने मरतो. मग वर्तमानपत्री छपाईसारखी दाणेदार स्थिरचित्रे येतात. झिजलेल्या कॅसेटवर सगळाच चित्रपट दाणेदार. दिग्दर्शकाने योजलेला दाणा कुठला, हे कळणार कसे? न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून केलेला जीर्णोद्धार २०१६ साली दाखवला गेला, २०१८मध्ये क्रायटेरियनने त्याची डिस्क काढली. तीत बेनचा चेहरा अखेरपर्यंत स्वच्छ दिसतो, आणि मगच तो बातमीतल्या छायाचित्रासारखा पुसट होतो.