दामोदर नाट्यगृह: एक विसरलेली नोंद

परळच्या दामोदर नाट्यगृहाचा इतिहास कामगार रंगभूमीचा म्हणून सांगितला जातो. ते रास्तच आहे. दिवसा साच्यावर राबणारा माणूस रात्री इथे राजाची भूमिका करी. पण मी या वास्तूकडे पाहतो ते वेगळ्या कारणाने.

९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी मध्यवर्ती संस्था हवी, हा तिचा विषय. त्यातूनच २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरीही इथेच होती.

२०२३ मध्ये पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झाले. रंगकर्मींनी आंदोलन केले. माझा सवाल एवढाच आहे: गावच्या सभेत ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांनी इथे स्वतःची सभा उभारली, ही नोंद नव्या भिंतीवर कोण लिहिणार?