कुत्र्यासकट पाहुणे

पुष्कळ दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर स्क्रीनसमोर बसायला बंदी होती. आता डॉक्टरांनी अर्धा तास परवानगी दिली आहे. (तो अर्धा तास कधीच संपला, पण ते घरात कुणाला सांगू नका.)

विषय तसा घरगुती आहे. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं, मुलं-नातवंडं मिळून तीन दिवस कुठेतरी जातो. यंदा चिखलदरा ठरलं. वाशिमहून सोयीचं, थंडीही बेताची. सगळं ठरलं आणि पुण्याच्या पुतणीचा फोन आला, "काका, तिथे कुत्रा चालतो का, विचाराल का? बिट्टूला कुठे ठेवणार आम्ही?" बिट्टू म्हणजे तिचा लॅब्रॅडॉर, वजन चौतीस किलो.

मी फोन लावला. पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, "पेट्स नॉट अलाऊड सर." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, चालेल, पण वेगळे पैसे पडतील आणि जेवणाच्या हॉलमध्ये आणायचा नाही. मी खुशीत आक्काला सांगायला गेलो. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिनं पोथी मिटली आणि म्हणाली, "भाऊ, तो कुत्रा येत असंन तं मी येत नाही. आंधी मानसाची सोय पाय, मंग कुत्र्याची."

झालं! एकतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला घरातला एवढासा तंटा मिटवता येईना. मग जी खोड आहे तेच केलं, पुस्तकं काढून बसलो. मुक्कामाच्या जागी कुत्र्याला घ्यावं की नाही, हा प्रश्न किती जुना असेल? वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जुना निघाला.

सगळ्यात प्रसिद्ध नकार इंद्राचा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडतात, आणि युधिष्ठिर एका कुत्र्याबरोबर शेवटपर्यंत चालत राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, तू चल, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. आपण लहानपणी ही गोष्ट ऐकतो तेव्हा इंद्र आपल्याला दुष्ट वाटतो. पण मूळ कथेत इंद्र कारण देतो, हे आपण विसरतो. ज्याच्यापाशी कुत्रा आहे त्याच्या यज्ञाचं, दानाचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ही शुचितेची अडचण होती. आजचा मॅनेजर "इतर पाहुण्यांची तक्रार येते" म्हणतो, त्यातलाच प्रकार. आणि युधिष्ठिरही "सगळ्या कुत्र्यांना आत घ्या" असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की जो माझ्या आश्रयाला आला त्याला मी सोडणार नाही, मग स्वर्ग नको. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो हे खरं, पण युधिष्ठिरानं निर्णय घेतला तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हतं. (आमच्याकडे चिखलदरा म्हणजे विराटनगरी, आणि भीमानं कीचकाला मारून टाकलं ती हीच दरी, अशी समजूत आहे. तेव्हा पांडवांचा विषय तिथल्या मुक्कामाला अगदीच परका नाही.)

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. रामायणाच्या उत्तरकांडात, जो सर्ग पुष्कळ अभ्यासक प्रक्षिप्त मानतात त्यात, डोकं फुटलेला एक कुत्रा रामाच्या दाराशी न्याय मागायला येतो. लक्ष्मण त्याला आत बोलावतो, तेव्हा तो कुत्राच म्हणतो की देवळात, राजवाड्यात, ब्राह्मणाच्या घरात आम्हाला शिरायचा अधिकार नाही, आधी राजाची परवानगी आणा. केवढी ही शिस्त! एका भिक्षेकरी ब्राह्मणानं त्याला विनाकारण मारलेलं असतं. शिक्षा काय द्यावी, असं विचारल्यावर कुत्रा म्हणतो, याला कालंजरच्या मठाचा अधिपती करा. सगळे चकित होतात. तेव्हा तो सांगतो, मागच्या जन्मी मीही तिथला अधिपतीच होतो! मठ, धर्मशाळा, भक्तनिवास चालवणाऱ्या मंडळींनी ही कथा कार्यालयात लावून ठेवायला हरकत नाही.

आपल्या देवांपैकी कुत्र्याला बरोबर घेऊन फिरणाऱ्यांत खंडोबा आणि दत्त येतात. आमच्या जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे दत्ताचा फोटो नाही असं घर इकडे विरळा. तीन मुखं, मागे गाय, पायाशी चार कुत्री. ते चार म्हणजे चार वेद, असं आईनं सांगितलं होतं. पण तीच आई अंगणातलं कुत्रं ओसरीवर चढलं की काठी घेऊन धावायची. फोटोतल्याला हळदकुंकू आणि दारातल्याला काठी, यात काही विसंगती आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. भाकरीचा तुकडा मात्र रोज दोघांनाही.

आता इकडच्या खऱ्या वाटसरूंकडे येतो. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी बंजारा समाजाचं मोठं तीर्थ आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रेल्वे येण्याआधी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरवणारे हे लोक. रात्री मुक्काम पडला की गोण्यांचा गराडा रचायचा, मधे माणसं आणि भोवती कुत्री. त्यांना कुठल्या सराईत खोली मागायची गरजच नव्हती, तांडा हीच त्यांची सराई आणि कुत्रा तिचा पहारेकरी. आमच्या शाळेत तांड्यावरची बरीच पोरं होती. एकाच्या आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली होती, तीच पुढे छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यातल्या कुकुरदेव मंदिराची कथा म्हणून वाचनात आली.

एका बंजाऱ्याला कर्ज हवं होतं. तारण काही नाही, म्हणून त्यानं कुत्राच सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्यानं चोरांनी माल कुठे पुरला ते पाहून ठेवलं आणि सकाळी सावकाराचं धोतर ओढत त्याला तिथवर नेलं. माल मिळाला. सावकार खूश झाला, "कर्ज फिटलं" अशी चिठ्ठी लिहून त्यानं ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. कुत्रा धावत मालकाकडे आला. मालकाला वाटलं हा पळून आला, माझा शब्द यानं मोडला. रागाच्या भरात त्यानं काठी घातली, कुत्रा जागीच मेला. मग चिठ्ठी दिसली.

ते आजोबा इथवर सांगून थांबले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मंदिराचा भाग त्यांनी सांगितलाच नाही.

इंग्रजांच्या काळात चित्र उलटं झालं. साहेबाबरोबर कुत्री असायची आणि त्यांची निगा राखायला वेगळा नोकर असायचा, त्याला डोरिया म्हणत. आणि त्याच काळात, १८३२ साली, मुंबईत भटकी कुत्री मारणाऱ्याला सरकार कुत्र्यामागे आठ आणे देत होतं. शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशांना कुत्रा पवित्र, त्यातून त्यांच्या सणाच्या दिवशीच हे घडलं, आणि जूनमध्ये दंगल उसळली. बाजार बंद पडले, किल्ल्यातल्या फौजेची रसद अडली. कुत्री मारण्याऐवजी गावाबाहेर न्यावीत असं शेवटी ठरलं, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ काढला. शाळेच्या पुस्तकात १८५७ ला दोन धडे आणि याला एक ओळही नाही! असो.

मग येते ती सुप्रसिद्ध पाटी, "कुत्रे आणि हिंदी लोकांना प्रवेश नाही". जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात अडवलं आणि म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं, अशी कथा मी स्वतः वर्गात कितीतरी वर्षं रंगवून सांगितली. आता कबूल करतो की तिला भक्कम आधार नाही, इतिहासकार ती मानायला कचरतात. गोऱ्यांपुरतीच हॉटेलं आणि क्लब होते हे मात्र शंभर टक्के खरं. आणि गंमत पाहा, त्याच ताजच्या दारात आता भटकी कुत्री निवांत झोपलेली असतात. रतन टाटांचं कुत्र्यांवरचं प्रेम जगजाहीर होतं. २०१८ मध्ये बॉम्बे हाऊसची डागडुजी झाली तेव्हा भटक्या कुत्र्यांसाठी तिथे खास खोली करण्यात आली.

पण पाट्या फक्त गोऱ्यांनीच लावल्या असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्या पाट्या रंगवलेल्या नव्हत्या, एवढंच. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. महाडच्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता, त्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. म्हणून पुतणी जेव्हा रागानं म्हणाली, "कुत्र्याला प्रवेश नाही हा भेदभाव आहे", तेव्हा मी तिला थांबवलं. हा शब्द इतका स्वस्त करू नये. बिट्टूला खोली नाकारणं ही गैरसोय आहे, अपमान नव्हे.

आणि आता आक्का. १९५८ साली ती बारा वर्षांची होती. शेतातून येताना पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. ती लस बनवणं आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झालं, म्हणजे तशी फार जुनी गोष्ट नाही. वडील तिला अकोल्याला घेऊन गेले आणि चौदा दिवस दोघं एका धर्मशाळेत राहिले. मी घरी होतो, मला एवढंच आठवतं की आई चौदा दिवस देवापुढचा दिवा विझू देत नव्हती. आक्कानं परवा प्रथमच पुढचं सांगितलं. त्या धर्मशाळेच्या ओसरीवर एक कुत्रं झोपायचं. ते तिला काहीच करत नव्हतं. पण रात्री लघवीला जायचं तर त्याच्या अंगावरून ओलांडून जावं लागे. ती वडिलांना उठवायची नाही, कारण ते दिवसभर दवाखान्याच्या रांगेत उभे असत. "रातभर धरून ठेवो मी," ती म्हणाली. तिला भीती वाटते असं आम्ही सगळे म्हणत होतो. अडुसष्ट वर्षांत नेमकं काय झालं ते कुणीही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पुतणीला हे फोनवर सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "काका, मी बिट्टूला हॉस्टेलमध्ये ठेवलं होतं मागच्या वर्षी. चार दिवस जेवला नाही तो." आता यावर काय बोलणार? युधिष्ठिराचीच अडचण.

माझं मत विचाराल तर, रिसॉर्टनं कुत्रा घ्यावा, पण आधी स्वतःची जागा पाहावी. चिखलदऱ्याला मेळघाट लागून आहे, १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. तिथे बिबट्याही आहे, आणि ओसरीवर बांधलेलं कुत्रं त्याला आयतं जेवण. उलट कुत्र्याचा रोगही जंगलाला लागतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, रोग आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आला असं मानतात. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. तेव्हा गावातल्या, कुंपण असलेल्या जागी लस टोचलेला, दोरीनं बांधलेला कुत्रा चालेल. जंगलाच्या कडेला मुळीच नको, मग तो कितीही गुणाचा असो. आणि खोल्या देताना मॅनेजरनं एक प्रश्न विचारायलाच हवा, "तुमच्यात कुणी घाबरतं का?" फीपेक्षा तो महत्त्वाचा. मला दोन्ही फोनवर कुणी विचारला नाही.

रेल्वेनं हा गुंता बऱ्यापैकी सोडवला आहे. पहिल्या वर्गाच्या एसीत अख्खा कूपे घेतलात तर कुत्रा तुमच्याजवळ, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. दार बंद असेल तर शेजाऱ्याला त्रास नाही. गरिबाच्या कुत्र्याला मात्र पेटीच.

सध्या ठरलं आहे ते असं. दुसऱ्या ठिकाणच्या शेवटच्या टोकाची, स्वतंत्र फाटक असलेली खोली पुतणी घेणार. आक्काची खोली दुसऱ्या टोकाला, न्हाणीघर आतच असलेली, हे मी फोनवर तीनदा विचारून घेतलं. मॅनेजर वैतागला असावा. बिट्टूच्या रेबीजच्या लसीची मुदत दिवाळीच्या आठ दिवस आधी संपते, ती तो आधीच टोचून घेईल. आक्काची अट एकच आहे, ते सर्टिफिकेट तिला स्वतः वाचायचं आहे. तिच्या चष्म्याचा नंबर बदललाय, तो सोमवारी करून आणतो.