बंबापासून गिझरपर्यंत : एका बारीक धारेचा इतिहास

सोसायटीच्या स्मरणिकेत भूखंड, बिल्डर आणि कन्व्हेयन्सचा इतिहास येतोच. मी मात्र एका बारीक धारेचा इतिहास सांगणार आहे. पंचवीस वर्षांत आपल्या तक्रारवहीत सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य म्हणजे, 'गरम पाण्याला प्रेशर नाही.'

आमच्या लहानपणी ही तक्रारच नव्हती. न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत ढलप्या आणि निखारे, भोवती पाणी. तोटीखाली घंगाळ ठेवायचं, भरलं की विसण घालायचं आणि तांब्याने अंघोळ उरकायची. धार जाड की बारीक, कोण बघतो!

'गिझर' हा शब्द आला आइसलँडमधल्या 'गेसिर' या उसळत्या गरम झऱ्यावरून. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी 1868 साली गॅसवर पाणी तापवणाऱ्या आपल्या यंत्राला हे नाव दिले. पुढे 1889 मध्ये अमेरिकेत एडविन रूड यांनी पाणी साठवून आपोआप तापवणारा हीटर केला. नाव उसळत्या झऱ्याचे असले, तरी आपल्या घरातला साठवणीचा गिझर पाणी उसळवत नाही. खालून गार पाणी आत शिरते आणि तेच वरचे गरम पाणी बाहेर ढकलते. म्हणजे जोर असतो तो गच्चीवरच्या टाकीचा.

पुण्याला हे नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी नुसत्या उताराने शहरातल्या हौदांत येत असे. उंचीचा हिशेब सोपा आहे. टाकीतले पाणी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. आपल्या तळमजल्याला सुमारे 15 मीटर मिळतात, चौथ्या मजल्याला जेमतेम 3. टाकीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांनाच पाणी सर्वांत कमी, ते यामुळे.

पण सुरुवातीला चौथ्या मजल्यावरही पाणी बरे यायचे. मग बिघडले काय? खालचे लोक पाणी ओढतात, अशी कुजबुज सुरू झाली. जिन्यात बोलणे बंद झाले. काहींनी मोठे गिझर बसवले, फरक शून्य. वरच्या मजल्यावरच्या एक आजी गॅसवर पाणी तापवून उकळते पातेले बाथरूमपर्यंत न्यायच्या. ते पाहून आम्हा कमिटीवाल्यांच्या पोटात गोळा यायचा.

शेवटी प्लंबरने गरम पाण्याच्या अर्ध्या इंची जीआय पाइपचा तुकडा कापून सर्वसाधारण सभेत आणला. आत गंज आणि पांढरा थर, मधून पेन्सिल जाईल एवढीच वाट. बोअरचे पाणी जड. ते तापले की त्यातला चुना सुटून भांड्याला आणि पाइपला धरतो, म्हणून गरम पाण्याची लाइन आधी चोंदते. चक्रवाढ व्याजासारखे हे गुपचूप वाढते. चोर सापडला, आणि तो शेजारी नव्हता.

तरी प्रश्न उरलाच. "आमच्याकडे पाणी येतंय, आम्ही पैसे का द्यायचे?" दोन सभा यावर गाजल्या. अखेर ठरले, की टाकी आणि उभ्या लाइनी सर्वांच्या. चौथ्या मजल्यासाठी टाकीपासून वेगळी, मोठ्या व्यासाची डाउनटेक लाइन सोसायटीच्या खर्चाने टाकली. घरातल्या गरम पाण्याच्या लाइनी ज्याने त्याने सीपीव्हीसीच्या करून घ्यायच्या. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही.

तरुण सभासदांसाठी अनुभवाचे चार शब्द. एकाच नळाला धार कमी असेल तर त्याची जाळी काढून धुवा. गार-गरम दोन्ही कमी असेल तर टाकी आणि मुख्य लाइन बघा. गार जोरात आणि सगळीकडे गरमच कमी असेल, तर गिझरचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला आहे का, ते प्लंबरकडून तपासा. त्याआधी गिझरची वीज बंद करा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून कधीही बुजवू नका.

पाइपचा तो तुकडा ऑफिसच्या कपाटात जपून ठेवला आहे. नवीन सभासदाने शेजाऱ्याविरुद्ध तक्रार लिहिण्यापूर्वी तो एकदा डोळ्याला लावून पाहावा.