डेटाप्रकार व बंधने (डेटाबेस)

संबंधात्मक डेटाबेसमधील तक्त्याच्या स्तंभात कोणत्या जातीचे मूल्य बसेल हे डेटाप्रकार ठरवतो. त्या जातीच्या मूल्यांपैकी कोणते चालेल हे बंधने ठरवतात. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या प्रारूपातील ‘डोमेन’ची, म्हणजे स्तंभाला चालणाऱ्या मूल्यांच्या संचाची, कल्पना यामागे आहे.

रुपयांची रक्कम फ्लोट प्रकारात ठेवू नये. द्विमान पद्धतीत 0.1 अचूक मांडता येत नाही आणि मोठ्या बेरजांत पैशांचा फरक पडू लागतो. त्यासाठी डेसिमल वापरतात. फोन नंबर आकड्यांचा असला तरी त्याची बेरीज कोणी करत नाही, आणि पूर्णांकात ठेवल्यास सुरुवातीचे शून्य गळते. म्हणून तो मजकूरच. मजकुराची लांबी ठरवताना देवनागरी हमखास विसरली जाते: ‘क्षि’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये चार चिन्हांचे, तर यूटीएफ-8 मध्ये 12 बाइटचे भरते.

प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख), फॉरिन की (दुसऱ्या तक्त्यातील ओळीचा संदर्भ), युनिक (मूल्याची पुनरावृत्ती नाही), नॉट नल (रिकामे चालत नाही) व चेक (मूल्याने पाळायची अट) ही मुख्य बंधने. ती केवळ अ‍ॅपच्या कोडवर सोपवणे धोक्याचे, कारण त्याच तक्त्यात दुसरा प्रोग्रॅमही लिहू शकतो. मात्र डेटाबेसवरही डोळे मिटून विसंबू नये: मायएसक्यूएल 8.0.16 आवृत्तीपूर्वी चेक बंधन स्वीकारून निमूटपणे दुर्लक्षित करत असे. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन कीची तपासणी सहसा प्रत्येक जोडणीवेळी मुद्दाम सुरू करावी लागते.