मज्जेचे सोयरे

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केम हे गाव कुंकवाकरिता प्रसिद्ध आहे. केमचे कुंकू कोणत्याही कपाळास शोभते. अस्थिमज्जेचे तसे नाही, ती जुळावी लागते.

याच मार्गाने मुंबईस गेले म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय लागते. तेथे १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा एका नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले मज्जारोपण होय. या विद्येचे आद्य प्रवर्तक अमेरिकेतील डॉ. थॉमस, १९५७ सालचे त्यांचे आरंभीचे रोगी वाचले नाहीत. त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९० साली.

त्या मुलीस भाऊ तरी होता! सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. मग इतरांनी काय करावे? लंडनमध्ये शर्ली नोलन या मातेने आपल्या अँथनीकरिता १९७४ साली परक्या दात्यांची नोंदवही उघडविली. दाता मिळाला नाही. १९७९ साली मुलगा गेला. वही राहिली, आणि पुढे देशोदेशी तशा वह्या झाल्या.

जुळणी वंशपरंपरेने उतरते, म्हणून मराठी रोग्याचा दाता मराठी मुलखात सापडण्याचा संभव अधिक. नोंदणीस गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो. कण्यात सुई खुपसतात ही भीती निराधार आहे. बहुधा दंडाच्या शिरेतूनच पेशी घेतात, आणि दाता लवकरच घरी परततो.