हिस्लॉप, स्टीफन
(८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३). स्कॉटिश धर्मप्रचारक, शिक्षक आणि नागपूर परिसराच्या भूविज्ञानाचे आद्य अभ्यासक. जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे. शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे ते डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले आणि १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आले. १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (स्थापना १८८३) त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

बीड जिल्ह्यातील वडवणीकडे किंवा बालाघाटच्या पठारावर कितीही हिंडले, तरी पायाखाली बहुतेक काळा बेसाल्टच लागतो. नागपूरची गोष्ट वेगळी. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड येथे येते, त्यामुळे बेसाल्ट, कामठीचा वालुकाश्म आणि त्यांहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्म असे तिन्ही खडक थोड्याशा अंतरात पाहायला मिळतात. हिस्लॉप यांना असा मुलूख लाभला हे खरे. पण तो वाचण्याची चिकाटी त्यांची स्वतःची होती. दिवस शाळेत आणि धर्मकार्यात जाई. खडकांसाठी उरे तो फावला वेळ.

१८५१ मध्ये ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळीजवळ गोड्या पाण्यातील गोगलगायींचे अश्मीभूत शंख सापडले. टाकळी तेव्हा नागपूरच्या बाहेर होती, आज शहरातच आहे. लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या या पातळ पट्ट्यातून पुढे फळे, बिया, लाकूड आणि कीटकांचे अवशेषही मिळाले. लाव्हा एका दमात ओतला गेला नव्हता. मधल्या विसाव्यात तळी साचली, झाडे वाढली, जीवसृष्टी परतली, आणि मग पुन्हा लाव्हा आला, असा या आंतरट्रॅपी थरांचा अर्थ आज लावला जातो. अभ्यासक माल्कमसन यांनी असे जीवाश्म आधीच नोंदवले होते. नागपूर भागातील थरांचा क्रम लावून, ठिकाणांच्या नावानिशी सविस्तर वर्णन मात्र हिस्लॉप-हंटर यांनी केले. ते लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. हंटर पुढे इंग्रजीतील एका मोठ्या ज्ञानकोशीय शब्दकोशाचे संपादक म्हणून नावाजले.

नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या उभयचराच्या कवटीचे रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नामकरण केले. कामठी व सिलेवाडा येथून हिस्लॉप यांनी वनस्पतींचे जीवाश्म जमवले, तर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून हाडांचे. टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ म्हटले. ते रंगीत द्रव्य मिसळलेले कॅल्साइट होय.

त्यांनी ठरवलेला काळ पुढे बदलला. आंतरट्रॅपी थर त्यांनी तृतीयक मानले. आता नागपूरचे हे थर क्रिटेशसच्या अखेरचे, सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे समजतात. कामठीच्या वनस्पती त्यांना जुरासिक वाटल्या, त्या पर्मियन ठरल्या. याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. कोणता जीवाश्म कोणत्या गावी, कोणत्या थरात मिळाला हे त्यांनी नेमके लिहून ठेवले, म्हणूनच नंतरच्यांना काळ दुरुस्त करता आला.

गोंडांची भाषा, चालीरीती आणि प्रधानांकडून गायिले जाणारे लिंगोचे गीत यांचीही त्यांनी टिपणे केली. हे काम अपुरेच राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहण्यासाठी ते मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत गेले होते. गावातील शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले आणि परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये नागपूरला छापली. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले चरित्र १८८८ मध्ये निघाले.