परदेशी रेचा आणि देशी चकती

तर मंडळी, आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच विषय चालू आहे. वाशिमच्या चुलतभावाला वर्कशॉपसाठी नवा लेथ घ्यायचा आहे. पुण्याचे जावईबापू म्हणतात, चीनमधून थेट मागवा, त्याच पैशात दुप्पट यंत्र येतं. मोठे काका म्हणतात, राजकोटचा घे आणि मोकळा हो. मग "देशाचा पैसा देशात" विरुद्ध "क्वालिटी म्हणजे क्वालिटी" अशी नेहमीची जुंपली. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण हा वाद आपल्या भागात दीडशे वर्षं जुना आहे एवढं ठाऊक आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आपल्याकडे यंत्र म्हटलं की जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवतो तो जिन. म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना. त्याआधी हे काम घरोघरी चरखीवर व्हायचं. सूत कातायचा चरखा नव्हे. एकमेकांना चिकटून उलटसुलट फिरणारे दोन रूळ, मधून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. या रुळांना फिरवणारी मळसूत्री दात्यांची जोडी ही भारतीय कारागिरांची जुनी करामत. बाई दिवसभर बसली तर जेमतेम दोन-तीन किलो रुई निघे. घरापुरतं ठीक, मँचेस्टरच्या गिरण्यांना पुरं पडणारं नाही.

म्हणून साहेबाने पहिला प्रयोग केला तो थेट आयातीचा. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूस पिकवणारे मळेवाले आणले आणि त्यांच्याबरोबर तिथले करवतीच्या दात्यांचे जिन. अमेरिकेत त्या यंत्राने क्रांती केली होती. इथे मात्र आपल्या देशी कापसाचा धागा आखूड. करवतीचे दाते तो तोडायचे. धारवाडकडे अमेरिकन जातीचा कापूस रुजला, तिथे ही यंत्रं थोडीफार चालली. बाकी ठिकाणी तीच चरखी. पुढे तर कोणत्या कापसाला कोणतं यंत्र चालतं याच्या रीतसर चाचण्या घ्याव्या लागल्या आणि फोर्ब्स वॉटसन यांनी १८७९ साली त्यावर मोठा अहवाल लिहिला. म्हणजे यंत्र आधी आणलं आणि ते चालतं का हे तीस-चाळीस वर्षांनी नीट तपासलं! (सरकारी खरेदीची ही परंपरा बरीच जुनी दिसते. असो.)

टिकलं ते दुसरंच यंत्र, मॅकार्थी जिन. याचा मूळ शोधही अमेरिकेतलाच, १८४० चा, पण इंग्लंडात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांनी ते बनवून जगभर विकलं. यात करवत नाही. कातडं चढवलेला एक रूळ फिरतो, त्याला घट्ट टेकून एक स्थिर सुरी असते आणि दुसरी सुरी वरखाली होत सरकीला ठोकत राहते. रुळाचं कातडं रुई ओढून घेतं, सरकी सुरीला अडून खाली पडते. तत्त्व पाहिलं तर आपल्या चरखीच्या जवळचं, म्हणून आखूड धाग्याला मानवणारं. वऱ्हाडात याला 'रेचा' म्हणतात आणि नाव इतकं अंगवळणी पडलंय की हे परदेशी यंत्र होतं हे सांगितल्यावर लोक आश्चर्य करतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते ६५) वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला खास कापसासाठी फाटा निघाला. त्याच रुळांवरून यंत्रं आली. पण वाशिमला रेल्वे कुठे होती? ती १९६० च्या सुमारास आली. तोवर अवजड लोखंड अकोला स्टेशनावर उतरायचं आणि पुढचे ऐंशीएक किलोमीटर बैलगाडीने. कारंजा त्या मानाने भाग्यवान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी तिथून गेली, तीच आपली शकुंतला. (वाशिम जिल्हा तर इंग्रजांनी १९०५ ला मोडून अकोला-यवतमाळात वाटून टाकला होता; परत मिळाला तो १ जुलै १९९८ ला.)

आता मुद्द्याची गोष्ट. रेच्याचं सगळं यंत्र लोखंडी, वर्षानुवर्षं टिकणारं. झिजतो तो कातड्याचा रूळ. सुरीवर घासून घासून गुळगुळीत झाला की रुई ओढेनासा होतो, मग त्याला पुन्हा खाचा पाडायच्या, आणि फारच झिजला की कातडं नवं. विलायतेत या रुळांसाठी वॉलरसचं कातडंसुद्धा वापरत. कुठे उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र आणि कुठे कारंजा! हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. मध्येच रूळ गेला आणि माल बोटीने यायची वाट पाहिली तर अंगणात कास्तकारांच्या बंड्या उभ्याच.

माझे आजोबा कारंज्याच्या एका जिनात फिटर होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे कारखाने युद्धाच्या कामाला जुंपले गेले आणि सुटे भाग येणं जवळजवळ थांबलं. आजोबा सांगायचे, तेव्हा म्हशीच्या कातड्याच्या चकत्या कापून, दांडीवर ठासून बसवून, लेथवर गोल करून रूळ बनवायचे. तुटलेल्या बिडाच्या भागाचा सुतार लाकडी साचा करायचा आणि तो अकोल्याला ओतायला जायचा. पहिले काही भाग भिंतीसारखे जाड आणि बेढब असत. "पण हंगाम निघाला," हे त्यांचं पालुपद. माझ्या मते त्या चार-पाच वर्षांत तो विलायती रेचा खऱ्या अर्थाने वऱ्हाडी झाला. विकत घेतला त्या दिवशी नाही.

शकुंतलेचंही तेच. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ ला इथे लागलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! मँचेस्टरहून दुरुस्तीला कोण येणार होतं? मूर्तिजापूरच्या शेडमधल्या माणसांनीच ते चालवलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटं झालं. बाहेरचं यंत्र हवं तर लायसन्स, आणि ते देशात मिळत नाही असा दिल्लीहून दाखला. १९९१ नंतर हे जोखड सुटलं. त्या काळाबद्दल हळहळणारे लोक मला भेटतात, पण दुसरी बाजूही आहे. बंदिस्त बाजारात आपल्या जिनांनी सुधारणा अशा केल्याच नाहीत. कापूस उघड्यावर जमिनीवर, त्यात पालापाचोळा, पोत्याचे धागे. भारतीय रुईला जगात कमी भाव मिळायचं ते एक कारण होतं. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं तेव्हा कुठे जिन सुधारायला हात लागला. आणि ज्या देशी चकत्यांचं मी एवढं कौतुक केलं, त्या पुढे क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या झाल्या. त्या झिजताना क्रोमियमची धूळ रुईत आणि कामगारांच्या छातीत जायची. बिनक्रोमचे रूळ तयार करायला मुंबईच्या सिरकॉट संस्थेला बरंच काम करावं लागलं. तेव्हा देशी म्हणजे आपोआप चांगलं, असं मानायचं कारण नाही.

आता चुलतभावाच्या लेथकडे. न्हावाशेव्याहून निघालेला ट्रक आता समृद्धी महामार्गाने आपल्या जिल्ह्यात एका दिवसात येतो, त्यामुळे अंतराचं रडगाणं संपलं. अडचण वेगळीच आहे, सुताची. आपले मिस्त्री अजून सुतात बोलतात; आठ सूत म्हणजे एक इंच. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण नळाच्या पायपाचे आटे आजही जुन्या ब्रिटिश मापाचे. शेतातले पंप, जुनी इंजिनं, पाइपलाइन, हेच तर त्याच्याकडे दुरुस्तीला येतं. चिनी लेथचा मुख्य स्क्रू मिलिमीटरचा असला तर त्यावर इंची आटे अचूक पाडायला १२७ दात्यांचं चाक लागतं (इंचात २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट). ते चाक यंत्राबरोबर येतं का, आणि नाही आलं तर कोण देणार, हे मी त्याला विचारायला सांगितलंय. राजकोटवाल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पण उद्या त्याने पंपदुरुस्ती सोडून कंपन्यांना अचूक मापाचे भाग पुरवायचं ठरवलं, तर मी स्वतः जावईबापूंच्या बाजूने मत देईन. काकांनी रागावू नये :)

वाशिमात आता सोयाबीनच सोयाबीन. कापूस कमी झाला आणि जिनही. रेचा मात्र पुढे गेला. दोन रुळांचे रेचे नागपूरला बनतात आणि आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात. म्हणजे तिथल्या जिनवाल्यासाठी आता आपण ओल्डहॅम. भर हंगामात त्याचा रूळ झिजला तर चकत्या नागपूरहून बोटीने यायची वाट पाहतो, की तिथल्या एखाद्या फिटरने स्वतःच कातडं कापायला घेतलंय? भावकीत कुणी तिकडे गेलं असेल तर जरूर कळवा.